कारवानच्या पिल्लाला बेंबीचा हर्निया, भावाला जांघेत गाठ: आत्ता की पाच महिन्यांनी?

मांजराकाठ (चाकूर, जि. लातूर)

एकाच वेतातली दोन कारवान (सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात) पिल्लं दवाखान्यात आली आहेत, वय ९ आठवडे. इथल्या पशुवैद्यांचं मत हवंय.

मादी ४.२ किलो. बेंबीवर मध्यम लिंबाएवढी गाठ, मऊ, दुखत नाही. उताणी धरली की आत जाते, उभी केली की परत येते. आत गेल्यावर रिंगमध्ये (पोटाच्या भिंतीतल्या फटीत) तर्जनीचं टोक बसतं. खाणं, शी, खेळणं सगळं ठीक.

नर ४.६ किलो. डाव्या जांघेत सुपारीएवढी गाठ. उजवं वृषण पिशवीत लागतं, डावं सापडत नाही. गाठ कधी आत गेल्यासारखी वाटते, कधी नुसतीच इकडून तिकडे सरकते.

मालकाने मादीच्या बेंबीवर रुपयाचं नाणं ठेवून घट्ट पट्टा बांधला होता. त्याखालची कातडी लाल होऊन ओली पडली आहे. लसीचा एक डोस झालाय, जंताचं औषध एकदाच दिलंय. दोन्ही पिल्लं विकायची आहेत.

भुलीसाठी माझ्याकडे झायलाझिन, केटामाइन, डायझेपाम, अॅट्रोपिन, ब्युटोर्फॅनॉल आणि थायोपेंटोनची बाटली आहे. ट्यूब, अँबू बॅग, ऑक्सिजन सिलिंडर आहे. गॅसचं मशीन नाही. टाक्यांना क्रोमिक कॅटगट, पॉलिग्लॅक्टिन आणि नायलॉन. एक्स-रे लागला तर उदगीरला पाठवता येईल.

प्रश्न चार: मादीला आत्ता करावं की स्पेच्या (गर्भाशय-अंडाशय काढण्याच्या) वेळी? नराचा हर्निया आहे की वृषणच अडकलंय? भूल कशी द्यावी? आणि रिंगच्या कडा खरवडून ताज्या करायच्या की नाही, शिवायला दोरा कोणता?

---

गोदाकाठ (परभणी)

नाणं आजच काढायला लावा. हा प्रकार आपल्याकडे माणसाच्या लेकरांवरही चालतो आणि दोन्हीकडे सारखाच निरुपयोगी आहे. रिंग म्हणजे पोटाच्या मधल्या रेषेतल्या फॅशियामध्ये (स्नायूंवरच्या चिवट पांढऱ्या पडद्यामध्ये) राहिलेली फट. बाहेरून दाबल्याने तिच्या कडा जवळ येत नाहीत. कातडी तेवढी सडते, आणि जी शस्त्रक्रिया स्वच्छ व्हायची ती आपल्या हाताने दूषित होते. ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडिनने दिवसातून दोनदा पुसा, कोरडी ठेवा. कातडी पूर्ववत होईपर्यंत तिथे ब्लेड लावू नका.

मालक गाठ बघतो, आपण रिंग मोजायची. गाठीच्या आकारावरून धोका ठरत नाही. २-३ मिलिमीटरची रिंग असेल तर त्यातून फॅल्सिफॉर्म चरबी (मधल्या रेषेतली आतली चरबी) किंवा ओमेंटमचा (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा) तुकडा येतो, आतडं शिरत नाही. अशी रिंग सहा महिन्यांपर्यंत आपोआप बंदही होऊ शकते. दोन-तीन बोटं जाणारी मोठी रिंग दिसायला भयंकर, पण त्यातून आतडं सहज जातं आणि सहज परत येतं. खरी घातकी रिंग मधली, साधारण आतड्याच्या वेटोळ्याइतकी. चार किलोच्या पिल्लाचं लहान आतडं सुमारे एक सेंटिमीटर जाड असतं. एक बोट बसणाऱ्या रिंगमधून वेटोळं बाहेर येतं, त्यात वायू भरतो, शिरा आधी दाबल्या जातात, सूज येते आणि मग ते परत जात नाही. तुमची मादी नेमकी याच गटातली आहे. ती आपोआप बरी होणार नाही. आज रात्री टेबलावर घ्यायचीही गरज नाही.

उलटही लक्षात ठेवा. आत न जाणारी गाठ म्हणजे लगेच इमर्जन्सी असं नाही. पुष्कळदा चरबी बाहेर अडकते आणि मागे रिंग बंद होते. गाठ घट्ट लागते, पण गार असते, दुखत नाही, पिल्लू हुंदडत असतं. ती निवांत करता येते. गाठ गरम, ताणलेली, जांभळट, हात लावू न देणारी असेल, सोबत उलट्या आणि खाणं बंद असेल, तर मात्र घड्याळ सुरू झालं असं समजायचं.

तपासताना तीन स्थितीत तपासा: उभं, कुशीवर, उताणं. आत ढकलण्यापूर्वी बोटांत धरून बघा. चरबी कणीदार लागते. आतडं गुळगुळीत असतं, बोटांतून निसटतं, कधी गुडगुडतं. सुई घालून बघायचा मोह टाळा. गळू वाटणारी बेंबीवरची गाठ आतडं निघाली तर सुईच्या एका भोकातून पेरिटोनायटिस (पोटाच्या अस्तराचा दाह) होतो. शंका असेल तर सोनोग्राफी. आतड्याच्या भिंतीचे थर आणि हालचाल लगेच दिसते.

रिंग नेमकी बेंबीवर आहे की तिच्या वर, छातीच्या हाडाकडे, हे जरूर नोंदवा. बेंबीच्या वर मधल्या रेषेत फट असेल, छातीचं हाड खाली नीट जुळलेलं नसेल, तर पोट आणि हृदयाचं आवरण यांत जन्मजात वाट राहिलेली असू शकते. पेरिटोनिओपेरिकार्डियल हर्निया. यकृताचा भाग त्यातून हृदयाच्या पिशवीत जाऊन बसतो आणि पिल्लू वरवर ठणठणीत दिसतं. दोन्ही बाजूंनी हृदय ऐका. ठोके एका बाजूला दबलेले वाटले किंवा पिल्लू खेळता खेळता लवकर दमत असेल, तर भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे, एक आडवा आणि एक उताणा. हृदयाची सावली मोठी आणि गोल, डायफ्रॅमची (छाती-पोटामधल्या पडद्याची) रेषा खाली पुसट, कधी हृदयाच्या सावलीतच वायूचे बुडबुडे. असं दिसलं तर ते काम भूलयंत्र आणि हाताने श्वास देणारा वेगळा माणूस असल्याशिवाय करू नये. सरळ उदगीर किंवा परभणीच्या महाविद्यालयात पाठवा.

नराबद्दल. तुमच्या वर्णनात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. अडकलेलं वृषण लहान, घट्ट, स्पष्ट कडांचं असतं. कातडीखाली सरकतं, पण दाबून पोटात नाहीसं होत नाही. हर्निया मऊ असतो आणि मागचे पाय वर उचलून उताणं धरलं की हळूहळू रिकामा होतो. तसं धरा, एका हाताने गाठ रिंगच्या दिशेने हलके सरकवा, दुसऱ्या हाताची करंगळी जांघेच्या घडीत ठेवा. रिकामी झाल्यावर करंगळीला रिंगची कड लागली तर हर्निया. नंतर पुढचे पाय उचलून उभं धरा. गाठ पुन्हा भरली तर शंका उरत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात. लठ्ठ पिल्लात जांघेतली नुसती चरबीही फसवते, पण कारवान पिल्लात ती शक्यता कमी. आणि दुसरी जांघही बघाच, दोन्ही पिल्लांची.

---

थेंबथेंब (छ. संभाजीनगर)

भुलीचं उत्तर मी देते.

थायोपेंटोनची बाटली कपाटात परत ठेवा. पळणाऱ्या सडपातळ जातींना, म्हणजे ग्रेहाउंड, कारवान, पश्मी, मुधोळ, ते देऊ नये. थायोपेंटोनचा असर उतरतो तो आधी औषध मेंदूतून स्नायूत आणि चरबीत पसरल्यामुळे. या कुत्र्यांत चरबी कमी, आणि यकृतातला निचराही संथ. कुत्रं तासन्‌तास उठत नाही. त्यात पिल्लू म्हटल्यावर यकृत अजून कच्चं.

झायलाझिन या कामाला मी घेणार नाही. उलटी करवतं, आणि ओकारीच्या प्रत्येक उमाळ्याला पोटातला दाब वाढून जे आत आहे ते रिंगमधून बाहेर येतं. शिवाय नाडी मंदावते. पिल्लाचं हृदय ठोक्यागणिक जास्त रक्त फेकू शकत नाही, त्याचा सगळा रक्तदाब ठोक्यांच्या संख्येवर असतो. नाडी पडली की दाब पडला.

४.२ किलोच्या मादीचा हिशेब असा. अॅट्रोपिन किलोला ०.०४ मिलीग्रॅम, म्हणजे ०.६ मिलीग्रॅम प्रति मिलीच्या अँप्युलमधून ०.२८ मिली. ब्युटोर्फॅनॉल किलोला ०.२ मिलीग्रॅम, एकूण ०.८४ मिलीग्रॅम, स्नायूत. वीस मिनिटांनी कॅथेटर लावून डायझेपाम ०.२५ मिलीग्रॅम प्रति किलो (५ मिलीग्रॅम प्रति मिलीचं ०.२ मिली) आणि केटामाइन ५ मिलीग्रॅम प्रति किलो (५० मिलीग्रॅम प्रति मिलीचं ०.४ मिली) शिरेतून, हळू, परिणाम बघत. ४.५ किंवा ५ नंबरची ट्यूब बसेल. हे मिश्रण जेमतेम दहा मिनिटं चालतं. गरजेप्रमाणे पहिल्या डोसच्या एक तृतीयांश भाग पुन्हा द्यायचा. प्रोपोफॉल मिळत असेल तर ४ ते ६ मिलीग्रॅम प्रति किलो, पण मिनिटभर लावून द्या, झटक्यात दिलं की श्वास थांबतो. अँबू बॅग हाताशी.

गॅस नाही म्हणून लोकल (जागेवरची भूल) हवंच. २ टक्के लिग्नोकेन किलोला ४ मिलीग्रॅमच्या वर नको. या पिल्लाला ते होतं ०.८ मिली, आणि दिसायला ते इतकं कमी दिसतं की हात आपोआप जास्त ओढतो. तेवढंच घ्या, सलाईन घालून २ मिली करा आणि रिंगच्या भोवती कातडीखाली व फॅशियालगत चौफेर सोडा. सोडण्याआधी पिस्टन मागे ओढून बघा.

उपास. रात्रभर उपाशी ठेवा असं मालकाला सवयीने सांगितलं जातं. पिल्लाला ते महागात पडतं. यकृतात ग्लायकोजेनचा साठाच नसतो. तीन-चार तास पुरे, पाणी प्रीमेडपर्यंत (भुलीआधीच्या इंजेक्शनपर्यंत) चालू. ग्लुकोमीटरने साखर बघा. माणसाचा ग्लुकोमीटर कुत्र्यात थोडी कमी दाखवतो, तरी ६० च्या खाली आली तर २५ टक्के डेक्स्ट्रोज किलोला १ मिली, तेवढंच सलाईन मिसळून सावकाश शिरेतून. आणि चालू सलाईनमध्येच साखर ठेवा: रिंगर लॅक्टेटच्या ५०० मिलीच्या बाटलीतून ५० मिली काढून टाका, ५० मिली २५ टक्के डेक्स्ट्रोज भरा, झालं २.५ टक्के. दर ताशी किलोला ५ मिली, म्हणजे २१ मिली. मायक्रोड्रिप सेटला ६० थेंबांचा एक मिली असतो, त्यामुळे ताशी २१ मिली म्हणजे मिनिटाला २१ थेंब. डोक्यात हिशेब करायला सोपं.

गारठा. मे महिन्यात ४२ अंशात कुणाला हे पटत नाही, पण भुलीखालचं पिल्लू एसी खोलीत, ओल्या पोटाने, स्टीलच्या टेबलावर अर्ध्या तासात गार पडतं. मग औषधं उतरत नाहीत, नाडी मंद होते आणि अॅट्रोपिनलाही दाद देत नाही. एसी बंद, खाली घोंगडी, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना. बाटली थेट कातडीला लावली तर भाजतं, आणि भुलीत ते ओरडून सांगू शकत नाही. केस गरजेपुरतेच काढा, स्पिरिट ओतू नका.

रक्त: या वयात पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ३० च्या आसपास असणं नेहमीचं आहे, अॅनिमिया समजून घाबरू नका. पण अंगावर गोचीड असतील तर स्मिअर आणि प्लेटलेट बघितल्याशिवाय सुरू करू नका. आपल्या भागात एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांमुळे होणारे आजार दोन्ही भरपूर. एकूण रक्तच साधारण साडेतीनशे मिली असतं. दहाचौरस सेंटिमीटरचे गॉज तीन-चार चिंब भिजले म्हणजे दहा टक्के गेलं.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

@थेंबथेंब मॅडम, "दहाचौरस" नव्हे, दहा बाय दहा सेंटिमीटर. बाकी सगळं कबूल.

आत्ता की नंतर, यावर गोदाकाठ सरांनी निकाल दिला नाही, तो मी देतो. मादीला १२ ते १४ आठवड्यांना करा. तोवर कातडी बरी होईल, लसीचा दुसरा डोस होऊन आठवडा-दोन आठवडे जातील, जंत साफ होतील. जंत हा किरकोळ मुद्दा नाही. गोलकृमींनी फुगलेलं पोट आणि जुलाब, कुंथणं, खोकला हे सगळं टाक्यांवर ताण देतं. फेनबेंडाझोल किलोला ५० मिलीग्रॅम, सलग तीन दिवस, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. रिंग करंगळीही न शिरणारी असती तर मी पाच-सहा महिन्यांनी स्पेबरोबर करा म्हटलं असतं. आणखी एक अट: मालकाचा वस्तीवरून दवाखान्यात यायला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, पावसात ओढा भरून रस्ता तुटत असेल, तर थांबू नका. अडकलेलं आतडं रस्ता सुरू व्हायची वाट बघत नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाठीभोवती लंबगोल छेद, जास्तीची कातडी त्यातच निघून जाते. फार कातडी काढू नका, ती नंतर परत आणता येत नाही. पिशवी (गाठीतलं पोटाच्या अस्तराचं आवरण) कातडीला चिकटलेली असते, म्हणून पहिला छेद फक्त कातडीचा. मग बोथट कात्रीने पिशवीच्या कडेकडेने खाली उतरत रिंगपर्यंत या. रिंगभोवती सगळीकडून एक सेंटिमीटर फॅशिया पांढरी, स्वच्छ दिसली पाहिजे. नव्याने करणारे इथेच घाई करतात. वर चरबी राहिली की टाका चरबीत बसतो, फॅशियात नाही, आणि दहाव्या दिवशी गाठ परत दिसते.

पिशवीत काही चिकटलेलं नसेल तर न उघडता आत ढकलली तरी चालते. मी उघडतो. आत काय होतं ते डोळ्यांनी दिसतं आणि रिंगमधून करंगळी घालून वरखाली दुसरी फट आहे का तेही कळतं. फॅल्सिफॉर्म चरबी बाहेर असेल तर बुडाशी बांधून कापा. न बांधता कापली तर त्यातली बारीक नस आत सरकते आणि वाहत राहते.

कडा खरवडणे. जुनी शिकवण खरवडा अशी आहे. माझं मत: पिल्लात गरज नाही. ताकद देणारा थर रेक्टसची (पोटाच्या उभ्या स्नायूची) बाहेरची फॅशिया. कड जाड, चकचकीत, व्रणासारखी झाली असेल तेवढीच काढा. उगाच कापून रिंग मोठी करायची आणि मग ताण देऊन ओढायची, यात फायदा कुणाचा? पेरिटोनियम वेगळं शिवायची गरज नाही, ते दोन-तीन दिवसांत आपलं आपण भरतं.

दोरा. क्रोमिक कॅटगट विसरा. त्याची ताकद दोन आठवड्यांत बरीचशी जाते, आणि अडकलेलं किंवा दूषित काही असेल तर त्याहून लवकर. फॅशियाची स्वतःची ताकद तीन आठवड्यांनंतरही मूळच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच असते. म्हणजे दोरा गेला आणि जखम तयार नाही, अशी मधली दरी. पॉलिग्लॅक्टिन तीन आठवड्यांना निम्म्यावर येतं. छोट्या रिंगला, सुदृढ पिल्लात चालून जातं. पॉलिडायॉक्झानोन चार आठवड्यांनाही साधारण निम्मी ताकद धरतं, तेच मागवा, ४-५ किलोला ३-० जाडीचा दोरा, मोठ्याला २-०. नाहीच मिळालं तर नायलॉन, गाठीची टोकं आखूड कापून, नाहीतर पातळ कातडीखाली टोचत राहतात आणि नाडीव्रण (पू वाहणारी वाट) होतो.

टाके सुटे. कडेपासून ४-५ मिलिमीटर, दोन टाक्यांत तेवढंच अंतर. आधी सगळे टाके घालून टोकं चिमट्यात धरून ठेवा, मग एकामागून एक बांधा. शेवटचा टाका घालताना सुई आतड्याला लागण्याची भीती राहत नाही. कडा एकमेकींना टेकल्या की थांबा. आवळून बांधलेला टाका फॅशियाला कापतो, सुटतो तो दोरा नव्हे, मांस. एकावर एक पदर चढवून दुहेरी शिवण घालायची पद्धत आहे, तिने ताण वाढतो, ताकद वाढत नाही. जाळी या आकाराला लागत नाही.

अँटिबायोटिक: कातडी स्वच्छ आणि काम अर्ध्या-पाऊण तासाचं असेल तर पाच दिवसांचा कोर्स नको. द्यायचंच तर सेफॅझोलिन २२ मिलीग्रॅम प्रति किलो शिरेतून, छेदाच्या अर्धा तास आधी, एकदा. सेफ्ट्रायॅक्सोन पाच दिवस टोचून निर्जंतुक हातमोज्यांची भरपाई होत नाही.

---

मांजराकाठ

फार उपयोगी. आज नराला मागचे पाय वर धरून तपासलं. गाठीचा मऊ भाग रिकामा झाला आणि करंगळीचं टोक रिंगच्या कडेला लागलं. मऊ भाग गेल्यावर मागे वाटाण्याएवढं घट्ट काहीतरी उरतं, ते सरकतं. म्हणजे दोन्ही. मादीची रिंग नेमकी बेंबीवर, हृदय दोन्ही बाजूंना स्वच्छ, जांघा मोकळ्या. नराचं सहा महिन्यांपर्यंत वृषणासाठी थांबू का? आणि मालक म्हणतो, आईने नाळ ओढून तोडली म्हणून झालंय हे सगळं.

---

गोदाकाठ

वृषणासाठी सहा महिने थांबण्याचा नियम नुसत्या न उतरलेल्या वृषणाला आहे. इथे रिंगमधून पोटातलं काही बाहेर येतंय. सोनोग्राफीत फक्त चरबी दिसली तर मादीबरोबर १४ आठवड्यांना. आतडं दिसलं तर पुढच्या आठ-दहा दिवसांत. नर पिल्लाच्या जांघेतला हर्निया बेंबीपेक्षा वाईट. वाट अरुंद आणि लांब असते, वेटोळं वृषणाच्या पिशवीपर्यंत उतरतं आणि पीळ पडतो.

छेद जांघेच्या घडीला समांतर, थेट रिंगवर. पिशवी मोकळी करा, आतलं पोटात सारा, पिशवीला पीळ देत रिकामी झाल्याची खात्री करा, बुडाशी सुई आरपार घालून बांधा, उरलेली कापा. आत जाईना तर रिंग पुढच्या व आतल्या बाजूला वाढवा. शिवताना पुढून मागे या, आणि मागचा-आतला कोपरा मोकळा सोडा. तिथून बाह्य पुडेंडल धमनी-शीर आणि जेनिटोफेमोरल नर्व्ह बाहेर येतात. नीट बंद करण्याच्या भरात तो कोपराही आवळला की दुसऱ्या दिवशी मागचा पाय आणि जांघ सुजते. आणि फार मोकळा सोडला तर हर्निया परत. वाहिन्यांच्या शेजारून आर्टरी फोर्सेप्सचं टोक जेमतेम जाईल एवढी जागा, ही माझी मोजपट्टी.

दोन्ही वृषणं त्याच वेळी काढा. एकच अडकलेलं काढून दुसरं ठेवा, असा आग्रह मालक धरेल, कारण मग नर "पूर्ण" म्हणून विकता येतो. करू नका. अडकलेल्या वृषणाला पुढे गाठ व्हायचा धोका जास्त, ते तर काढायचंच. पण राहिलेलं उतरलेलं वृषण हाच दोष पुढच्या पिल्लांना देतं. संमतीपत्रावर दोन्ही वृषणांचा उल्लेख लिहून सही घ्या. तोंडी बोलणं पुढे उलटतं.

---

पाणंद (जळकोट)

नाळेबद्दल: आईने किंवा माणसाने नाळ पोटालगत जोरात ओढली तर फट वाढू शकते, हे खरं. पण एकाच वेतात एकाला बेंबी, दुसऱ्याला जांघ आणि वर न उतरलेलं वृषण, हे नाळेचं काम नाही. हे रक्तातलं आहे. बेंबीचा हर्निया आणि अडकलेलं वृषण एकत्र दिसणं नवीन नाही. या आईबापांचा जोड पुन्हा लावू नये आणि वेतातली बाकीची पिल्लंही तपासावीत. कारवानवाले जवळच्या नात्यात जोड लावतात, कारण उंची आणि सडपातळ बांधा टिकवायचा असतो. मग असले दोषही तितकेच पक्के होतात. मादी विकायची तर राखणीला विका, पैदाशीला नको. स्पे करूनच द्या.

नंतरची काळजी, कारण पिल्लं मालकाच्या अंगणात फेल होतात. शुद्धीवर आल्यावर दोन तासांनी थोडा दहीभात. मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी ०.२, पुढे दोन दिवस ०.१ मिलीग्रॅम प्रति किलो, पोटात अन्न गेल्यावर. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका हे मालकाला स्पष्ट सांगा, न विचारता देतात. चौदा दिवस साखळीवर, उड्या बंद, भावंडांपासून वेगळं.

कारवानची मान लांब आणि डोकं निमुळतं. नेहमीच्या मापाची कॉलर गळ्यातून निघते, नाहीतर नाक तिच्या पुढे जातं आणि टाक्यांपर्यंत पोहोचतं. कॉलरची कड नाकाच्या टोकापुढे दोन बोटं हवी, आणि ती गळपट्ट्याला दोरीने ओवून घ्या. लहान मुलाचा बनियन उलटा घालून पाठीवर गाठ मारली तरी चालतं, मादीत विशेष.

टाक्याखाली तिसऱ्या-चौथ्या दिवशी मऊ, न दुखणारा फुगवटा आला तर बहुतेक सेरोमा (कातडीखाली साचलेलं पाणी). दाबून आत जात नाही आणि खाली शिवण अखंड लागते, हा फरक. सुई घालू नका, शेक द्या, जातो. पावसाळ्यात माश्यांवर लक्ष. टाक्यात अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा खोल कोंबायची सवय इथे घातक, खाली एका फॅशियावर पोट आहे. अळ्या चिमट्याने वेचा. टाके दहा ते चौदा दिवसांनी.

---

मांजराकाठ

नराला सोनोग्राफीसाठी सोमवारी उदगीरला पाठवतोय. तोपर्यंत किंवा मादीच्या बाबतीत १४ आठवड्यांआधी रात्री-अपरात्री अडकलंच तर? इथेच उघडावं लागलं तर क्रम काय?

---

बालाघाट

आधी मालकाला फोनवर: गाठ दाबून आत ढकलू नका, दूध-पाणी बंद, ओलं फडकं ठेवून निघा. मेलेलं वेटोळं जबरदस्तीने आत गेलं तर बाहेरून सगळं बरं दिसतं आणि पिल्लू आत सडतं.

आल्यावर शिरेतून सलाईन, साखर, तापमान. अर्धा तास यावर गेला तरी चालेल. अशा वेळी सेफॅझोलिन हवंच. छेद गाठीवरून पुढे-मागे वाढवा. पिशवी उघडा, पण आतलं ढकलू नका. रिंगखाली बोट किंवा ग्रूव्ह डायरेक्टर (खाचेची सळई) सरकवून मधल्या रेषेतच पुढच्या बाजूला रिंग कापा, आवळ सुटला पाहिजे. नर असेल तर मागच्या बाजूला शिश्नाच्या आवरणाकडे जाणाऱ्या वाहिन्या सांभाळा.

वेटोळं काळं, हिरवट, भिंत पातळ आणि कागदासारखी, वास येतोय असं असेल तर आवळ किंवा पीळ सोडण्याआधी त्या भागाच्या रक्तवाहिन्या बांधा आणि तेवढा भाग काढा. आधी सोडलं तर साचलेलं विष एकदम अंगात जातं आणि टेबलावरच रक्तदाब कोसळतो. नुसतं गडद लाल-जांभळं असेल तर सोडवा, कोमट सलाईनच्या गॉजमध्ये गुंडाळून पाच ते दहा मिनिटं थांबा. रंग परतला, मेसेंटरीत (आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यात) नाडी लागली, चिमट्याने हलकं चिमटल्यावर आकुंचन फिरलं तर ठेवा. यातल्या दोन गोष्टी नसतील तर काढा.

जोडताना दोन्ही टोकं निरोगी, रक्त येणारी हवीत. ४-० पॉलिडायॉक्झानोन, सुटे टाके, कडेपासून २-३ मिलिमीटर आणि दोन टाक्यांत ३ मिलिमीटर, पहिला टाका मेसेंटरीच्या बाजूला, कारण गळती तिथूनच होते. सबम्युकोसा (आतड्याच्या भिंतीतला मजबूत थर) प्रत्येक टाक्यात आलीच पाहिजे. दोन्हीकडे बोटांनी धरून मधे ३-४ मिली सलाईन सोडा, हलकं दाबा, थेंब आला तर तिथे एक टाका. ओमेंटम गुंडाळा. पोट कोमट सलाईनने धुऊन पूर्ण शोषून घ्या. हातमोजे, हत्यारं, ड्रेप बदला आणि मगच फॅशिया शिवा. जाळी अजिबात नाही, कॅटगट तर नाहीच.

आतडं कापायची वेळ येईल असं दिसलं आणि तुमच्याकडे ४-० दोरा किंवा दुसरा हात नसेल, तर सलाईन लावूनच गाडीत घालून उदगीरला काढा. वाटेत अर्ध्या-अर्ध्या तासाने साखर बघा, आणि निघण्याआधी तिकडे फोन करून केस सांगा, म्हणजे पिल्लू पोहोचेपर्यंत टेबल लागलेलं असेल.

---

थेंबथेंब

उघडण्याआधी पोट फुगलेलं असेल तर नळी घालून जठर रिकामं करा. आणि अशा पिल्लाला भुलीचे डोस वर लिहिलेल्याच्या निम्म्यापासून सुरू करा.